टॅप-स्कॅनची लाकडी पाटी कुणाला चालते, कुणाला नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

पुढे कोरलेला क्यूआर कोड आणि मागून बसवलेला एनएफसी टॅग, म्हणजे फोन जवळ नेताच वाचली जाणारी चकतीएवढी चिप, अशी ही लाकडी पाटी. पाहुण्याने फोन टेकवायचा किंवा कॅमेरा धरायचा, की वायफाय, राहण्याच्या जागेची माहिती, कार्यक्रमपत्रिका, जे काही दिले असेल ते फोनवर उघडते. बनवणाऱ्याच्या टेबलावर पाटी झकास चालते. जागेवर गेली की थोड्याच दिवसांत निरोप येतो, "काहींचं उघडतं, काहींचं उघडतच नाही." मग टॅग उपटून नवा लावला जातो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच निरोप. हाताने पाट्या बनवणाऱ्या बहुतेकांना हा फेरा ओळखीचा असेल.

या फेऱ्यातून सुटायचे तर टॅगला सगळ्यात शेवटी हात लावा. पाट्यांमध्ये सर्रास वापरले जाणारे एनटॅग २१३, २१५, २१६ हे टॅग बिनबॅटरीचे असतात. त्यांच्यात झिजण्यासारखे फारसे काही नाही. लिहिलेली माहिती १० वर्षे टिकेल आणि १ लाख वेळा पुसून लिहिता येईल, असा २१३चा हिशेब उत्पादकच देतो. असा टॅग आठवड्याभरात आपणहून मरत नाही. दोष बहुधा फळीच्या मागे असतो, टॅगमध्ये लिहिलेल्या मजकुरात असतो, पाहुण्याच्या फोनच्या सवयीत असतो किंवा लाकडाच्या रंगात असतो. टॅग बदलून यातले काहीच दुरुस्त होत नाही.

आधी तक्रार वेगळी करा

"चालत नाही" या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. पाटीवर दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत आणि त्या बिघडण्याची कारणे वेगवेगळी आहेत. म्हणून तक्रार करणाऱ्याला विचारा: फोन टेकवून उघडले नाही की कॅमेऱ्याने उघडले नाही? फोन आयफोन होता की अँड्रॉइड? आणि पाटी तेव्हा कुठे, कशावर होती? एवढ्या उत्तरांवरच निम्मे काम होते.

मग पाटी जागेवरून काढून हातात घ्या, मागे-पुढे काही नाही अशी मोकळी धरा. एक आयफोन आणि एक अँड्रॉइड, दोन्हींची कव्हरे काढून, स्क्रीन चालू, लॉक उघडलेले, कॅमेरा बंद. दोन्ही फोन टेकवून पाहा. हातात धरल्यावर दोघांनाही चालली आणि जागेवर नाही, तर जागेचा दोष. हातातही एकालाच चालली तर मजकुराचा किंवा फोनचा. दोघांनाही चालली नाही तरच लाकडाची जाडी आणि टॅग यांच्याकडे वळा. टॅगमध्ये खरोखर काय लिहिले आहे ते पाहायला या टॅगची उत्पादक कंपनी एनएक्सपी हिचे टॅगइन्फो हे ॲप चांगले आहे. टॅगचा प्रकार, त्यातले रेकॉर्ड म्हणजे लिहिलेल्या नोंदी, पुन्हा लिहिण्याला कुलूप आहे की नाही, सगळे एका पडद्यावर दिसते.

हातात चालते, जागेवर चालत नाही: मागे धातू आहे

ही सर्वात जास्त आढळणारी तक्रार आहे, आणि चुकीचे निदानही इथेच सर्वात जास्त होते.

एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. फोन आपल्या ॲंटेनातून चुंबकीय क्षेत्र सोडतो. टॅगचे वेटोळे त्याच क्षेत्रातून वीज उचलते आणि तिच्यावर जागे होऊन उत्तर देते. हा सगळा व्यवहार फार तर ४ सेंटिमीटरांचा, आणि लहान टॅगच्या बाबतीत त्याहूनही जवळचा. कोरडे लाकूड या क्षेत्राला जवळपास अडवत नाही. धातू अडवतो. मागे पत्रा असेल तर त्यात भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, उठतात, ते मूळ क्षेत्राच्या उलट दिशेने जोर लावतात आणि टॅगची जुळवलेली वारंवारताही सरकवतात. टॅग धडधाकट असतो, पण त्याला जागे होण्याइतकी वीजच मिळत नाही.

धातू दर वेळी डोळ्यांना दिसतोच असे नाही. स्टीलचा काउंटर किंवा लोखंडी दरवाजा सहज लक्षात येतो. पण आरसा? आरशामागचा लेप धातूचाच असतो, त्यामुळे आरशावर चिकटवलेली पाटी तशीच रुसते. लॅमिनेटच्या टेबलाखालची लोखंडी चौकट, पाटी अडकवायला मागे बसवलेली पट्टी, टॅगच्या अगदी मागे आलेले लोहचुंबक, धातूचे कण असलेला सोनेरी-चंदेरी रंग, टॅगभोवती शोभेसाठी बसवलेले पितळेचे कडे, हे सगळे धातूच. कड्याचे तर विशेष सांभाळा. टॅगभोवती धातूचे बंद वर्तुळ झाले की ते स्वतःच एक वेटोळे बनते आणि टॅगच्या वाट्याचे क्षेत्र खाते.

खात्री करायला पाटी आणि टेबल यांच्यामध्ये एक जाड पुस्तक सरकवा. पुस्तक ठेवल्यावर चालली आणि काढल्यावर बंद पडली की निदान संपले.

उपाय दोन. जमत असेल तर टॅग आणि धातू यांच्यात अंतर आणा. मागे लाकडाचे ठोकळे लावून पाटी उचलून घ्या, किंवा आडवी पाटी स्टँडवर तिरकी उभी करा. अंतर वाढेल तसा त्रास कमी होतो. अंतर शक्य नसेल तर फेराइटचा (क्षेत्राला धातूपर्यंत जाऊ न देणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) थर असलेला, धातूवर लावायचा टॅग वापरा. इथे क्रम महत्त्वाचा: पुढून पाहिले तर आधी लाकूड, मग टॅग, मग फेराइट आणि सर्वात मागे धातू. फेराइटची बाजू फोनकडे झाली तर चांगला टॅगही मुका होतो, आणि तो पुन्हा "खराब" ठरवून फेकला जातो.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. वायरलेस चार्जर आणि टॅप-टॅग एकाच जागी, एकावर एक बसवू नका. दिसायला सुबक वाटते, मागणीही येते. पण चार्जरचे वेटोळे आणि त्यामागचे आवरण टॅगचे वाचन बिघडवतात, आणि चार्जरच्या क्षेत्रात सतत राहणे टॅगच्या तब्येतीलाही चांगले नाही. दोन्ही हवेच असतील तर फळीच्या दोन टोकांना ठेवा.

एका फोनला चालते, दुसऱ्याला नाही

इथे पाटी निर्दोष असू शकते. फोनमधला ॲंटेना कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. आयफोनमध्ये तो वरच्या कडेला असतो. अँड्रॉइडमध्ये बहुधा पाठीवर, मध्यभागी किंवा कॅमेऱ्याच्या आसपास. त्यामुळे एकाच खुणेवर दोन पाहुणे फोनचा मधला भाग टेकवतात तेव्हा अँड्रॉइडवाल्याचे लगेच उघडते आणि आयफोनवाला वाट पाहत राहतो. पाटीवर नुसते "इथे टॅप करा" लिहून भागत नाही. "फोनची वरची कड इथे टेकवा, नाही उघडले तर फोन हळूहळू वर सरकवा", असे लिहिले तर दोघांचेही जमते. फोन वर सरकवला की त्याचा मधला भाग खुणेवर येतो. आणि टेकवून क्षणभर थांबायला हवे. बरेच जण दाराची घंटा दाबावी तसा फोन टेकवून लगेच उचलतात.

टॅगच्या खुणेभोवती फोन सपाट बसेल एवढी मोकळी जागाही ठेवा. पाटीच्या पायथ्याशी उंच काठ असेल किंवा खूण खाली कोपऱ्यात असेल, तर फोनचा तो भाग टॅगपर्यंत पोचतच नाही.

आता एक बाब, जी टॅप आणि स्कॅन दोन्ही असलेल्या पाटीलाच भोवते. आयफोन एक्सएस आणि एक्सआर, म्हणजे २०१८ पासूनचे आयफोन, कोणतेही ॲप न उघडता टॅग वाचतात. पण कॅमेरा सुरू असेल तेव्हा वाचत नाहीत. विमान मोड चालू असेल, वॉलेट उघडे असेल किंवा फोन रीस्टार्ट केल्यावर एकदाही अनलॉक केला नसेल, तेव्हाही वाचत नाहीत. आता पाहुण्याचा हात डोळ्यांसमोर आणा. त्याला आधी क्यूआर दिसतो. तो कॅमेरा उघडतो. कोड अंधुक असल्याने लागत नाही, म्हणून तसाच, कॅमेरा उघडा ठेवून, फोन पाटीला टेकवतो. काहीच होत नाही. तो सांगतो, "दोन्ही चालत नाहीत." खरे तर दोष फक्त कोडमध्ये असतो, टॅप त्या उघड्या कॅमेऱ्याने अडवलेला असतो. म्हणून टॅपची खूण आणि क्यूआर शेजारी-शेजारी चिकटवू नका. टॅप वर आणि ठळक, त्याखाली जागा सोडून क्यूआर, असे ठेवा आणि "कॅमेरा बंद करून टेकवा" हे चार शब्द जोडा.

आयफोन ७, ८ आणि एक्स हे आपणहून वाचत नाहीत. त्यात कंट्रोल सेंटरमधला एनएफसी रीडर उघडावा लागतो. अँड्रॉइडमध्ये एनएफसी सेटिंगमधून बंद असू शकते, आणि काही फोनांत ते मुळातच नसते. या पाहुण्यांसाठीच क्यूआर आहे, म्हणून तो शोभेचा नाही, तितकाच नीट चालणारा हवा.

जाड कव्हर, त्यात खोचलेली कार्डे, गाडीतल्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती, हीदेखील नेहमीची कारणे. कव्हरात बँकेचे कार्ड असेल तर फोनसमोर एकाच वेळी दोन चिपा येतात आणि तो गोंधळतो. एकाच पाटीत दोन टॅग जवळ-जवळ बसवले तरी हेच होते. वायफायसाठी एक आणि माहितीसाठी एक असे हवे असतील, तर मध्ये फोनच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर सोडा.

टॅगमध्ये काय लिहिले आहे?

अँड्रॉइडला चालते आणि एकाही आयफोनला चालत नाही, असे असेल तर टॅगमध्ये बहुधा वायफायचे रेकॉर्ड लिहिलेले असते. टॅग लिहिणाऱ्या ॲपमध्ये "वायफाय नेटवर्क" असा पर्याय दिसतो, तो निवडला जातो, आणि बनवणाऱ्याच्या अँड्रॉइडवर झकास जोडले जाते. आयफोन टेकवल्यावर मात्र हे रेकॉर्ड काहीच करत नाही. त्याला वेबपत्ता, फोन नंबर, ईमेल अशा पत्त्यांच्या रूपातले रेकॉर्ड लागते. टॅगमध्ये नुसता मजकूर लिहिला तरी आयफोनवर काही उमटत नाही.

यावर सुचवला जाणारा तोडगा असा की टॅगमध्ये वेबपानाचा पत्ता लिहा आणि त्या पानावर वायफायचा पासवर्ड द्या. ऐकायला ठीक आहे, पण ज्या पाहुण्याच्या फोनला रेंज नाही किंवा ज्याचे परदेशी सिम इथे डेटा देत नाही, त्याला ते पान उघडायलाच इंटरनेट हवे. ज्याला वायफायची सर्वात जास्त गरज आहे, नेमका तोच बाहेर राहतो. डोंगरातल्या घरी, तळघरातल्या हॉलमध्ये ही अडचण रोजची आहे.

म्हणून माझी विभागणी ठरलेली आहे. टॅगमध्ये फक्त वेबपत्ता, माहितीच्या पानाचा. वायफायसाठी वेगळा क्यूआर, ज्यात नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड थेट असतात. हा कोड इंटरनेटशिवाय वाचला जातो. आयफोनचा कॅमेरा आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, तो ओळखतो, आणि अँड्रॉइड १० पासून वायफायच्या सेटिंगमध्येच स्कॅनची सोय आहे. त्याच्या शेजारी नाव आणि पासवर्ड वाचता येतील अशा अक्षरांतही द्या. शून्य आणि ओ, एक आणि एल यांच्यात फरक दिसणारा फाँट निवडा. वयस्कर पाहुण्याला कॅमेऱ्याशी झगडायला लावू नये.

वायफायच्या कोडमध्ये एक खोच आहे. कोडच्या आतल्या मजकुरात अर्धविराम, स्वल्पविराम, विसर्ग-चिन्ह म्हणजे कोलन, अवतरणचिन्ह आणि बॅकस्लॅश यांना विशेष अर्थ असतो. पासवर्डमध्ये यांपैकी एखादे आले तर त्याच्याआधी बॅकस्लॅश घालावा लागतो. कोड बनवून देणारी काही साधने तो आपोआप घालतात, काही घालत नाहीत. मग कोड स्कॅन होतो, "जोडायचे का" असे विचारतोही, पण जोडणी होत नाही. सरळ मार्ग म्हणजे पाहुण्यांच्या नेटवर्कला फक्त अक्षरे आणि आकडे असलेला लांब पासवर्ड ठेवायचा. नेटवर्कच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षरही तंतोतंत जुळले पाहिजे. पाहुण्यांचे नेटवर्क घरच्यापेक्षा वेगळे ठेवा हे ओघाने आलेच.

आणि वायफायचा कोड लाकडात कोरू नका. पासवर्ड कधी ना कधी बदलतो, राउटर बदलतो, आणि सुंदर फळी वाया जाते. पाटीत उथळ खाच करून तिच्यात सरकवता येईल असे जाड कागदाचे किंवा पातळ प्लायचे पान ठेवा. माहितीच्या पानाचा पत्ता मात्र निर्धास्त कोरा, अट एकच: तो पत्ता तुमच्या किंवा ग्राहकाच्या मालकीचा हवा.

महिनाभर चालली आणि सगळ्यांसाठी एकदम बंद पडली

असे झाले तर लाकूड, टॅग, धातू, सगळे विसरा आणि पत्ता तपासा. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या कित्येक सेवा कोडमध्ये तुमचा पत्ता न ठेवता स्वतःचा मधला पत्ता ठेवतात. चाचणीची मुदत संपली की तो मधला पत्ता पैसे मागणारे पान दाखवतो किंवा उघडतच नाही. कागदावर हे खपते, कोरलेल्या लाकडावर खपत नाही. कोड कोरण्याआधी फोनने स्कॅन करून उघडणाऱ्या पत्त्याचे पहिले काही शब्द डोळ्यांनी वाचा. तिथे अनोळखी नाव दिसले तर थांबा. पुढे माहिती हलवायची मुभा हवी असेल तर स्वतःच्या डोमेनवर एक छोटा पत्ता करा आणि तो हवा तिकडे वळवा.

फक्त टॅप भलतीकडे नेत असेल आणि स्कॅन बरोबर असेल, तर टॅग कुणीतरी पुन्हा लिहिला आहे. कुलूप न लावलेला टॅग कोणीही फोनच्या साध्या ॲपने बदलू शकतो. बहुतेक वेळा तो खेळातला उद्योग असतो, पण फसवणुकीच्या पानाकडेही वळवता येते. पत्ता पक्का झाला की टॅगला कुलूप लावा. हे कुलूप कायमचे असते, उघडत नाही, म्हणून ते लावण्याआधी दोन्ही प्रकारच्या फोनांवर तपासा. पुढे बदलाची शक्यता असेल तर पासवर्डचे संरक्षण हा मधला मार्ग आहे. पाटीवर कुणी दुसऱ्याच क्यूआरचे स्टिकर चिकटवले नाही ना, हेही अधूनमधून बोट फिरवून पाहावे. कोरलेल्या कोडचा हा एक फायदा आहे: बोटाला खाचा लागल्या नाहीत की समजायचे, वर काहीतरी चिकटवले आहे.

पत्ता किती लांब चालेल, असेही विचारले जाते. एनटॅग २१३ मध्ये वापरायला १४४ बाइट मिळतात, २१५ मध्ये ५०४, २१६ मध्ये ८८८. पत्त्याच्या सुरुवातीचा ठरावीक भाग टॅगमध्ये एकाच बाइटात मावतो, त्यामुळे साध्या पत्त्याला २१३ भरपूर झाला. मोठ्या टॅगने वाचन सुधारते हा गैरसमज आहे. वाचनाचे अंतर मेमरीवर नाही, वेटोळ्याच्या आकारावर ठरते. २५ मिलिमीटरच्या चकतीपेक्षा ३८ मिलिमीटरची चकती जाड लाकडातून जास्त खात्रीने वाचली जाते.

स्कॅन होत नाही: लाकडाची बाजू

इथे सुतारकाम आणि छपाई यांची गाठ पडते, आणि मला सर्वात जास्त आस्था याच भागाची आहे. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी काढला, तोही पांढऱ्या लेबलावर काळ्या छपाईसाठी. लाकूड पांढरे नसते आणि जळलेले लाकूड एकसारखे काळे नसते.

पाइनची फळी जवळून पाहा. तिच्यात मऊ फिकट पट्टे आणि कडक गडद रेषा आळीपाळीने येतात. लेझर मऊ पट्ट्यात खोल आणि गडद जळतो, कडक रेषेवर जेमतेम. परिणामी एकच चौकोन अर्धा काळा, अर्धा तपकिरी होतो, आणि मोकळ्या ठेवलेल्या चौकोनांतून मूळची गडद रेष जातेच. कॅमेऱ्याला चौकोनांच्या कडा सापडत नाहीत. मेपल, बीच, चांगल्या प्रतीचा बर्च प्लाय, अशी घट्ट आणि एकसारख्या रेषांची फिकट लाकडे याला सर्वात सोयीची. कोरण्याआधी पृष्ठभागावर कागदी मास्किंग टेप लावली तर धुराचे डाग मोकळ्या चौकोनांवर बसत नाहीत. नंतर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा.

अक्रोड, शिसव अशा गडद लाकडावर जाळलेला कोड हा हमखास त्रासाचा मार्ग. अशा वेळी उलटे करा: कोडचे पांढरे भाग आणि भोवतीची पांढरी कड उथळ कोरून त्यात पांढरा रंग भरा, काळे चौकोन म्हणून मूळ लाकूड राहू द्या. रंग भरण्याआधी पातळ सीलरचा हात दिला नाही तर रंग रेषांतून पसरतो आणि चौकोनांच्या कडा केसाळ होतात. गडद लाकडावर पांढरे चौकोन हा सोपा वाटणारा पर्याय टाळा. उलट्या रंगांचा कोड बरेच फोन वाचतात, सगळे वाचत नाहीत. फिकट लाकडाचा तुकडा गडद फळीत बसवून त्यावर कोड कोरणे हा माझा आवडता मार्ग, दिसतोही छान.

आता चौकोनांचा आकार. कोडमध्ये जितकी अक्षरे, तितके चौकोन. कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून त्यात जादा माहिती ठेवतात, तिच्या प्रमाणाला दुरुस्ती-पातळी म्हणू. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (एम) २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता २५ गुणिले २५ चौकोनांत बसतो. तोच पत्ता लांबून ८० अक्षरांचा झाला की ३७ गुणिले ३७ लागतात. कोड ५० मिलिमीटरचा असेल तर पहिल्यात प्रत्येक चौकोन २ मिलिमीटरचा, दुसऱ्यात जेमतेम १.३५. लाकडावर हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून पत्ता छोटा करा. आणखी एक युक्ती: पूर्ण पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत दिला तर कोड त्याला कमी जागेत बसवतो, आणि डोमेनच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. डोमेनच्या पुढे तिरकी रेघ देऊन काही लिहिले असेल तर मात्र त्या भागाला फरक पडू शकतो, तेव्हा तपासून घ्या.

दुरुस्तीच्या पातळ्या चार: एल, एम, क्यू, एच. सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघाड त्या सावरतात. सर्वात वरची घेतली की काळजी मिटली असे वाटते, पण ती घेताच चौकोनही वाढतात आणि बारीक होतात. लाकडावर मी मोठ्या चौकोनांच्या बाजूने आहे. मध्यभागी लोगो घालण्याच्या विरोधात तर नक्कीच. लोगो दुरुस्तीची सगळी शिल्लक पहिल्याच दिवशी खर्च करतो, मग एखादा ओरखडा पडला की कोड गेला.

कोडच्या चारही बाजूंना ४ चौकोनांइतकी मोकळी कड लागते. २ मिलिमीटरच्या चौकोनाला ८ मिलिमीटर. वेलबुट्टीची चौकट, फळीची कड, खिळ्याचे डोके, यांपैकी काहीही त्या कडेत आले तर कॅमेरा कोडचे कोपरे चुकतो. अंतराचा अंदाज हवा असेल तर कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता यावा असे धरतात: ५० मिलिमीटरचा कोड अर्ध्या मीटरवरून. भिंतीवर उंच लावायची पाटी असेल तर कोड त्या हिशेबाने मोठा करा.

शेवटचा हात सगळे बिघडवू शकतो. तेल दिले की फिकट लाकूड गडद होते आणि जळलेल्या भागाशी फरक घटतो. चकचकीत लॅकर किंवा इपॉक्सीवर दिव्याचा झोत नेमका कोडवर परततो. दिवसा चालणारी पाटी रात्री "खराब" होते ती यामुळे. मॅट फिनिश वापरा, आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी फिनिशसकट चाचणी घ्या. उन्हातल्या पाटीवर फिकट लाकूड पिवळे-तपकिरी होत जाते, जळलेला काळा रंग उतरत जातो, आणि दोघे एकमेकांकडे सरकतात. बाहेरच्या पाटीला रंग भरलेला कोडच हवा.

टॅग खरोखर मेला असेल तर

हेही घडते, पण कारण बहुधा बसवतानाच तयार होते. टॅगच्या मधोमध किंवा कडेला चिपचा इवलासा उंचवटा असतो. खाच सपाट करून वरून क्लँप आवळला तर सगळा दाब त्या उंचवट्यावर येतो आणि चिप तडकते. तिथे पटाशीच्या टोकाने थोडी जास्त जागा काढा. टॅग बसवल्यावर पुढच्या बाजूने लेझर चालवू नका.

खाच मागून करताना पुढे दीड-दोन मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवा. गोल खाचेसाठी फोर्स्टनर बिट वापरत असाल तर त्याचे मधले टोक तळापेक्षा पुढे जाते हे लक्षात असू द्या. खाच दीड मिलिमीटर शिल्लक राहीपर्यंत नेली की ते टोक पाटीच्या चेहऱ्यावर बाहेर येते. बिटने आधीच थांबायचे आणि उरलेले राउटर मशिनने किंवा पटाशीने काढायचे. लाकूड आडव्या दिशेने दमट-कोरड्या हवेत फुगते-आकसते, म्हणून टॅग रेझिनमध्ये गाडू नका. दुहेरी टेपने चिकटवा आणि वर पातळ प्लायचे झाकण लावा, स्क्रू टॅगपासून दूर. मग कधी बदलायची वेळ आली तर फळी फोडावी लागत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने टॅगचा प्रकार, त्यात लिहिलेला पत्ता, कुलूप लावले आहे की नाही आणि तारीख लिहून ठेवा. पाटी देताना ती जिथे राहणार आहे त्याच जागी, त्याच दिव्याखाली, दोन्ही प्रकारच्या फोनांवर मालकासमोर टॅप आणि स्कॅन वेगवेगळे करून दाखवा. पाटीवरच्या सूचनेचे शब्द पहिल्यांदाच पाहणाऱ्या एखाद्याला काही न सांगता वाचायला द्या, आणि तो फोनचा कुठला भाग टेकवतो ते पाहा. तो जिथे अडेल, तिथले शब्द पाटी खिळ्यावर चढण्याआधीच बदलून घ्या.